मोरीमागची माती

धरणाचं पाणी चढायच्या आत पवनेकाठचं ते गाव उठलं, तेव्हा कुणी घराची तुळई काढून नेली, कुणी दारं, कुणी देव. सावळाच्या बायकोनं, पुतळाबाईनं, मोरीमागच्या केळीखालची ओली माती खरवडून मडक्यात भरली. मातीत गांडुळं होती. वर केळीचं सोपट ठेवलं, फडकं बांधलं आणि मडकं मांडीवर घेऊन ती बैलगाडीत बसली. गाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं तिकडं लक्षच दिलं नाही.

नवी जागा उर्से गावाच्या बाजूला, माळावर मिळाली. ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. जमीन कसली, वीतभर मुरूम आणि खाली कातळ. पहार मारली की ठिणगी उडे. सावळानं पहिला पावसाळा माळाला शिव्या घालण्यात काढला. पुतळाबाईनं घरामागं उघड्या कातळावरच दगड रचून वीतभर उंचीचं आळं बांधलं आणि मडकं त्यात रिकामं केलं. मग भाजीची देठं, शिळ्या भाकरीचा चुरा, चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं तिथं जायला लागलं. खारट-तेलकट मात्र अजिबात नाही. शेजारणीनं एकदा लोणच्याची फोड टाकली, तर हिनं ती शोधून काढली आणि बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला.

जुन्या घरामागं होती तशी मऊ माती इथं व्हावी, आणि ती तिथल्याच गांडुळांनी करावी, एवढंच तिला हवं होतं. दुसऱ्या गांडुळांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. हट्टच म्हणायचा, पण त्यानं कुणाचं बिघडत नव्हतं. हळूहळू आळ्यातली माती काळी झाली, घेवडा छपरावर चढला. जाता-येता चिमूटभर माती उचलून ती वास घेई आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटे.

एका वर्षी शिमगा उलटल्यावर तिची धाकटी बहीण चंपा सासरी, तिकोणा पेठ गावात, बाळंत झाली आणि पुतळाबाई तिकडं गेली. जाताना ऊन लागू नये म्हणून तिनं आळ्यावर पाला-गवत अंथरलं, वर माती भुरभुरली. आता मावळातल्या माणसाला पाला, गवत आणि वर माती असा थर दिसला की त्याचा हात आपोआप काडेपेटीकडं जातो. भाताचं रोप टाकायची जागा उन्हाळ्यात अशीच रचून भाजतात, तो राब. गांडुळांचं सावळा विसरला नव्हता. पण जन्मभर राब भाजले, तरी पावसाळ्यात कुदळ मारली की खालून गांडुळं निघायचीच. धग लागली की ती खोल जातात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. माळावर रोप कुठंच धरत नव्हतं, आणि इथं ही लोण्यासारखी माती. बायको येईल तोवर रोपाची सोय झालेली असेल, खूश होईल, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं शेणकुटं आणि फांद्या रचल्या आणि पेटवलं. दिवसभर छान धुमसलं.

पुतळाबाई परत आली ती थेट घरामागं गेली. राखेकडं बघत उभी राहिली.

"राब भाजलाय," सावळा म्हणाला. "औंदा रोप झ्याक व्हईल."

मग तोच म्हणाला, "गांडुळं गेली आस्तील खाली. धग लागली की जात्यात, तुला काय ठाव न्हाई?"

ती खाली बसली आणि हातानं राख बाजूला सारू लागली. भाजलेली माती सारली. लगेच कातळ लागला. कातळावर गांडुळं एकमेकांत गुंतून वाळून पडली होती.

"हितं खाली हाय कुटं?" पुतळाबाई म्हणाली.

सावळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तो तिकोणा पेठेला गेला आणि साडूच्या मोरीमागची माती ओल्या गोणपाटात बांधून घेऊन आला. तिनं ती आळ्यात पसरली, वर भाजीची देठं घातली.

पुढं घेवडा पुन्हा छपरावर गेला. येणारी-जाणारी म्हणत, "मावशी, या माळावर माती लय भारी केलीत."

"चंपाच्या घरची हाय," ती सांगे. "आमच्या गावची आनली व्हती. ती न्हाई जगली."

कशानं, ते ती कधी सांगत नसे. सावळा तेवढ्यात उठून गुरांकडं गेलेला असे.