बाकड्याची जागा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खेळण्यातल्या वीतभर दुकानावर पत्रा बसवला. पत्रा म्हणजे पावडरच्या रिकाम्या डब्याचा कापलेला तुकडा. अनसूयानं गोंद लावला, मी अंगठ्यानं दाबून धरला.

"हात काढू नका. तुमाले धीर नाही," ती म्हणाली. लकव्यानं तिचा डावा हात अर्धा गेला होता. तरी तो तिनं माझ्या हातावर ठेवला, पत्रा सरकू नये म्हणून. गोंद वाळेपर्यंत आम्ही दुपारभर तसेच बसून होतो.

अनसूया माझी बायको. मी चौथी शिकलेला हमाल, तेव्हा लिहिताना चुकलं तर चुकलं. पण तिला न पाहिलेल्यांना ती कशी होती ते कळलं पाहिजे.

कळंब रस्त्यावर जिनिंग होतं. मी तिथं कापसाच्या गाठी उचलायचो आणि फाटकासमोर तिची चहाची टपरी होती. टपरी कसली, चार बल्ल्या, वर पत्रा आणि समोर सागाचं एक लांब बाकडं. त्याचा एक पाय आखूड होता. नवीन माणूस बसला की बाकडं डुलायचं, आणि ती हसायची. कोणीही येवो, चहा हवा की नको हे ती विचारत नसे. म्हणायची, "आधी बसा, मंग बोला."

एकदा एका शेतकऱ्याचा कापूस ओला म्हणून फाटकातून परत पाठवला. तो माणूस दगड घेऊन निघाला होता. अनसूया आडवी गेली. "दादा, दगड धरूनच बसा, पन बसा." तो बसला. बाकडं डुललं, तसा तो दचकला, दगड खाली पडला. ती म्हणाली, "पाहा, माह्या बाकड्यानं दगड सोडवला." मग त्यानं दोन चहा घेतले आणि लेकरासारखा रडला. मला राग आला होता, कारण दुसरा चहा तिनं फुकट दिला होता.

पुढं वाईट वर्षं आली. झाडाला बोंडं दिसत, फोडली की आत अळी. गाड्या कमी झाल्या, मग जिनिंगच बंद पडलं. मी घरी बसलो. ही मात्र रोज सकाळी चूल पेटवून टपरी मांडायची. लोक यायचे, बाकड्यावर बसायचे. चहा कोणी मागत नव्हतं. बोलायचे, नाहीतर नुसते रस्त्याकडं बघत बसायचे, मग उठून जायचे.

"कायले मांडून राह्यली? फुकट बसतेत भाडखाऊ," मी म्हटलं.

"यांच्या घरी ऐकाले कोनी नाही, अजी. इथं तरी बसू द्या."

माझ्या हाताला काम नव्हतं आणि तिच्याकडं माणसं होती, हे मला सोसलं नाही. खरं ते लिहितो. एका सकाळी मी कुऱ्हाड घेतली आणि बाकडं तोडलं. ती किटली हातात धरून उभी होती. फळ्या गोळा करून तिनं घरामागं रचल्या. दुसऱ्या दिवसापासून टपरी मांडली नाही. त्या फळ्या पावसात सडल्या, पण तिनं चुलीत घातल्या नाहीत. त्या गोष्टीबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लकवा झाल्यावर डॉक्टर म्हणाला, बोटं हलती ठेवा. म्हणून नागपूरहून आमच्या लेकीनं, शोभानं एक खोकं पाठवलं. पोरीसोरींचं खेळणं. लाकडाच्या पातळ पट्ट्या, इवल्या बश्या, चिमटा. सगळं जोडलं की केकचं दुकान होतं म्हणे. कागदावरची अक्षरं कुठल्या देशाची कोण जाणे. चित्रं पाहून जोडायचं. पहिल्या दिवशी आम्ही भिंत उलटी लावली, दार आभाळात गेलं. ती इतकी हसली की तिचं वाकडं तोंड सरळ वाटलं.

"केक कोन खाते इथं?" असं म्हणून तिनं केक बाजूला काढले. कणकेला हळद लावून भजी केली, औषधाच्या झाकणाची शेगडी केली. सोबतचा गोंद संपला तर मैद्याची खळ शिजवली. सकाळी बघतो तर भिंतीवर मुंग्यांची रांग. मी वैतागलो. ती म्हणाली, "असू द्या. दुकान उघडलं नाही अन् गिऱ्हाईक आलं." नंतर मी गोंदाची नवी डबी आणून दिली, पण मुंग्या तिनं मारू दिल्या नाहीत, फुंकर घालून घालवल्या.

दुकानासमोर बोटभर जागा तिनं मोकळी सोडली होती. तिथं मी खेळण्यातल्या बरण्या मांडायला गेलो तर माझा हात धरला.

"इथं बाकडं यीन. तुमीच करा."

एवढंच बोलली. मी मान खाली घातली. चुकलं माझं, हे तेव्हा म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "करतो उद्या." चार दिवस उद्याच म्हणत राहिलो. बोटभर लाकडाला कितीसा वेळ लागतो? पण हातात पातं घेतलं की ती कुऱ्हाड आठवायची.

पाचव्या दिवशी पत्रा बसवला. गोंद वाळला तेव्हा चार वाजले असतील. "जरा पडते," म्हणाली. "बाकडं तेवढं राह्यलं." मी म्हटलं, "उद्या नक्की." दिवे लागायच्या वेळी चहाला उठवायला गेलो, तर ती उठली नाही.

शोभा येईपर्यंत थांबायचं म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. उजाडताच मी घरामागं गेलो. फळ्यांतलं काही उरलं नव्हतं. पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या झाडाची एक काडी घेतली, तिच्याजवळ येऊन बसलो आणि तासू लागलो. अंगणात लोक जमत होते.

"बाबा, आता हे काहून करून राह्यले?" नुकत्याच पोचलेल्या शोभानं विचारलं.

"तिनं सांगतलं होतं."

चार पाय केले. एक आखूड ठेवला. बाकडं जागेवर मांडलं, बोट लावून पाहिलं, डुललं. माझं चुकलं, हे मी तिच्या कानाशी मोठ्यानं म्हटलं. बाया ऐकत होत्या, ऐकू दिलं.

दारात चौघे येऊन उभे राहिले. "काका, उचलाचं का?" एकानं विचारलं.

"आधी बसा," मी म्हटलं.