साक्रीकडचं दार आणि कोरियातलं रडू

जळगावहून साक्रीला जायचं तर शहाण्या माणसाने धुळ्याची एसटी धरावी. सरळ रस्ता आहे, दुपारच्या आत माणूस पोचतो. मी मात्र पौषातल्या एका सकाळी सुरतकडे जाणारी पॅसेंजर धरली. दोंडाईचाला उतरायचं, तिथून निजामपूरमार्गे बस, साक्रीहून पुढे जीप, असा सगळा द्राविडी प्राणायाम. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला पोचायचंही होतं आणि पोचायची भीतीही वाटत होती, म्हणून लांबचा रस्ता घेतला.

जायचं होतं अक्काकडे. ही माझी सख्खी थोरली बहीण. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या कडेला तिचं गाव आहे. तीन वर्षांपूर्वी दाजी, म्हणजे तिचे यजमान, गेले आणि मी गेले नाही. आमच्या खान्देशात मयताच्या घरी भेटायला जाण्याला 'दारावर जाणं' म्हणतात. लग्नाला नाही गेलं तर माणसं रुसतात आणि पुढच्या लग्नात बोलायलाही लागतात. दारावर नाही गेलं तर नातं संपतं. त्यातून बाईमाणसाने जायचं ते गल्लीच्या तोंडापासून डोक्यावर पदर घेऊन, मोठ्याने रडत. घरातली बाई तेवढ्याच मोठ्याने रडत तिला गळ्याशी धरते. हे सगळं तीन वर्षांनी कसं करायचं, हे मला सांगणारं कुणी नव्हतं.

मी का गेले नाही, तेही आत्ताच सांगून टाकते. आई शेवटचे आठ महिने माझ्याकडे अंथरुणावर होती. माझी शाळेतली कारकुनी सकाळच्या वेळेची. दुपारी आईचं सगळं उरकलं, ती झोपली, की तिच्या उशाशी बसून मी मोबाईलवर कोरियन मालिका बघायची. सुनेने लावून दिलेली सवय. एकदा अक्का आईला भेटायला आली, माझ्या हातात मोबाईल पाहिला आणि भरल्या घरात म्हणाली, "माय मरी राहिनी, नि हाई शिनेमा देखी राहिनी." (आई मरते आहे आणि ही सिनेमा बघते आहे.) आठ महिने आईचं हगणंमुतणं काढणारी मी. ते वाक्य मला लागलं ते लागलंच. आईच्या तेराव्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

वर्षभराने दाजी गेल्याचा फोन आला. मी पिशवी भरली, चप्पल पायात घातली, आणि पुन्हा काढून ठेवली. मग काय केलं, तर मालिका लावली. नेमका त्या भागात बंदरावर मासे विकणाऱ्या एका म्हातारीचा नवरा जातो. त्या परक्या बाईसाठी मी हुंदके देऊन रडले. माझ्या बहिणीसाठी डोळ्यांतून टिपूस नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. यंदा दिवाळीनंतर तीच मालिका पुन्हा बघायला घेतली आणि त्या भागापाशी येऊन अडकले. महिनाभर पुढचं बघणं झालं नाही. तेव्हा ठरवलं की आता जायचं.

गाडीत बसले आणि धरणगाव गेल्यावर माझी पहिली चूक लक्षात आली. पाहुण्यांकडे निघालो की जळगावकर सवयीने केळीचे वेफर्स घेतो, तसे मीही दोन पुडे घेतले होते. दारावर जाताना कुणी खाऊ नेतं का? पुडे पिशवीच्या तळाशी दडवले. जणू अक्का पिशवी तपासणारच होती.

अमळनेरला एक मुलगी शेजारी येऊन बसली. नाव नसरीन, तिथल्या कॉलेजात शिकते, घर दोंडाईचाला, वडील गाद्या-रजया भरतात, ही सगळी माहिती तिने गाडी सुटायच्या आत दिली. मी तोच भाग मोबाईलमध्ये उतरवून घेतला होता आणि पडद्यावर बोट ठेवून नुसतीच बसले होते. तिने वाकून पाहिलं.

"आंटी, तुम्हीपण बघता?" ती म्हणाली. "ही तर मी तीनदा बघितली. अम्मी म्हणते, ज्यांची नावं तुला धड घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी रडतेस कशी?"

"मग काय सांगतेस तिला?"

ती म्हणाली, "आपल्या सिरियलमध्ये कुणी मेलं तरी भीती वाटत नाही. चार महिन्यांनी परत येतो, नाहीतर जुळा भाऊ निघतो. तिथे गेला तो गेला. सोळा भाग झाले की गोष्टपण संपते. आणि कुणी उठून गेलं ना, तरी कॅमेरा त्या रिकाम्या जागेकडे बघत बसतो. घाई नाही करत."

मी हे इतकं नेमकं कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला त्या मालिकांत आवडतं ते गप्प बसणं. बाप मुलाशी बोलत नाही, बहीण बहिणीशी बोलत नाही, पण वाढलेल्या भातावर हळूच एक माशाचा तुकडा ठेवते आणि आपलं ताट ओढून घेते. आमच्याकडे बोलणं भरपूर. आम्ही जेवायलाही भांडल्यासारखं बसवतो. त्यामुळे न बोलता ठेवलेला तो तुकडा बघितला की मला रडू येतं. शिवाय त्या पडद्यावरच्या दुःखाला माझ्याकडून काही नको असतं. तिथे मी वेळेवर जायला हवं असं कुणी म्हणत नाही. मी किती स्वस्तात रडत होते, हे पांझरेचं कोरडं पात्र मागे जाताना मला पहिल्यांदा कळलं.

दोंडाईचाला उतरताना वेफर्सचे दोन्ही पुडे नसरीनच्या हातात दिले. ती नको नको म्हणत होती. "घे ग, मला ते नेता येत नाहीत," म्हटलं.

दोंडाईचात मिरचीचे दिवस होते. स्टेशनकडून बसथांब्याकडे जाताना वाऱ्याबरोबर मिरचीचा असा काही झणझणीत खाट उठला की माझे दोन्ही डोळे वाहायला लागले. म्हटलं, आताच जीप मिळाली असती तर रडतच पोचले असते, किती सोय झाली असती. बसला तासभर अवकाश होता. टपरीवर कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा मिळाला, पण दोन घासांपुढे गेला नाही. बस निजामपूरपर्यंत बरी चालली, पुढे चाक बसलं आणि आम्ही बाभळीच्या काडीएवढ्या सावलीत पाऊण तास उभे राहिलो. सगळे चालकाला बोलत होते. मीच एकटी त्याच्यावर खूश होते.

साक्रीत बाजाराचा दिवस होता. डोंगरातल्या गावांहून आलेल्या बाया टोपल्या रिकाम्या करून परत निघाल्या होत्या. त्यांच्यात दाटीवाटीने जीपमध्ये बसले. बाजरी निघून गेलेली रानं, मध्येच कुठे हरभऱ्याचा हिरवा पट्टा, आणि मागे ते बोडके डोंगर. शेजारच्या म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "कोना घर जाशी व बाई?" (कुणाच्या घरी जातेस?) मी दाजींचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "त्या तं गयात ना." (ते तर गेले ना.) मी म्हटलं, "हो, माहीत आहे."

गल्लीच्या तोंडाशी उतरले. दुपारचे तीन वाजले असतील. पदर डोक्यावर घेतला आणि रडायचं म्हणून तोंड उघडलं, तर आवाज नाही. शेजारच्या ओट्यावर दोन बाया धान्य निवडत बसल्या होत्या, त्या बघायला लागल्या. मी पदर सारखा करायचा बहाणा केला आणि चालत राहिले.

अक्का ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. खूप वाळली होती. तिने मला पाहिलं, उठली, म्हणाली, "ये. बस." आत जाऊन पाणी आणलं. मग चहा टाकला. तो कप माझ्यासमोर ठेवला. दारावर आलेल्या माणसाला आमच्याकडे चहा देत नाहीत. चहा देतात पाहुण्याला. म्हणजे अक्काने हिशेबच मिटवला होता. मी तिच्या लेखी शकू नावाची जळगावची कुणी बाई, वाट चुकून आली, तिला चहा.

चहावर साय धरली तरी मी कपाला हात लावला नाही. आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो. सूप निम्मं भरल्यावर तीच म्हणाली, "तुन्हा तो शिनेमा चालूच शे का आजून?" (तुझा तो सिनेमा अजून चालूच आहे का?)

"शे," मी म्हटलं. आईच्या बोलीवर मी कधी गेले ते कळलंही नाही.

"दखाड." (दाखव.)

टोमणा असेल असं वाटलं, पण तिने चष्मा काढून पदराला पुसला आणि जवळ सरकली. मी तोच भाग लावला. ती भाषा तिला येत नाही आणि मलाही येत नाही. खाली येणारी अक्षरं वाचून मी तिला सांगत होते. फुलांत ठेवलेला नवऱ्याचा फोटो. काळे कपडे घातलेली म्हातारी. लोक येतात, फोटोपुढे दोनदा वाकतात, आणि मग तिथेच जेवायला बसतात. म्हातारी स्वतः सगळ्यांना गरम रस्सा वाढते.

अक्काने मला थांबवलं. "मयतना घरमा जेवतस?" (मयताच्या घरात जेवतात?)

"हा. तीच वाढस."

अक्का पडद्याकडे बघत राहिली. "बरं शे," ती म्हणाली. "बिचारीले हातले काम तं शे." (हाताला काम तरी आहे.)

तेरा दिवस आमची बाई कोपऱ्यात बसते. उठायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, नुसतं येणाऱ्याच्या गळ्यात पडायचं. अक्का तशी तेरा दिवस बसली होती, आणि मी त्या तेरांपैकी एकाही दिवशी आले नव्हते.

पडद्यावर शेवटचा प्रसंग आला. सगळे जेवून गेलेत. दिवाणखाना रिकामा. म्हातारीची एक जुनी मैत्रीण, कित्येक वर्षं अबोला धरलेली, दाराशी चपला काढून उभी आहे. आत यायचा धीर होत नाही. म्हातारी काही बोलत नाही, भांड्यात तळाला उरलेला रस्सा वाडग्यात काढते आणि समोरच्या रिकाम्या जागेवर ठेवते. एवढंच. मी नेहमीसारखी रडायला लागले.

डोळे पुसून बघते तर अक्का पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"तुले रडता येस," ती म्हणाली. "मंग मन्हा दारवर काबर नही वनी?" (माझ्या दारावर का नाही आलीस?)

मी तिला सगळं सांगितलं. "तुन्हं बोलणं लागनं व्हतं अक्का. माले राग व्हता. त्या दिनले मी घरच व्हती. हाईच देखी, नि हिन्हासाठे रडनी." (त्या दिवशी मी घरीच होते. हेच पाहिलं, आणि हिच्यासाठी रडले.)

अक्काने शेंगांचं सूप बाजूला सारलं. मला वाटलं, आता ती मला उठवून लावणार. ती चहाचा कप उचलून आत गेली, मोरीत ओतल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाली, "उठ. बाहेर जाय. नि मंग ये."

मला आधी समजलं नाही. ती घरात गेली, भिंतीशी कोपऱ्यात बसली, पदर कपाळाच्या खाली ओढला. तेव्हा समजलं. मी उठले, उन्हातून चालत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि वळले. पदर डोक्यावर घेतला. या वेळी आवाज शोधावा लागला नाही. "अक्का व" म्हणून जो निघाला तो माझाच आहे असंही वाटेना. त्यात दाजी होते, आई होती, आणि चार वर्षांचा माझा सगळा ताठा होता. उंबरा ओलांडला तेव्हा अक्का आतून रडत होती. तिने मला गळ्याशी धरलं, माझ्या पाठीवर बुक्के मारले, आणि दोघी खाली बसलो.

गल्लीतल्या बाया धावत आल्या. एकीने घाबरून विचारलं, "काय व्हयनं अक्का? कोन गयं?"

"कोन्ही नही," अक्का डोळे पुसत म्हणाली. "मन्ही बहीन दारवर वनी शे."

त्या बाया काही न विचारता आमच्याशेजारी टेकल्या. दाजी कसे होते, शेवटी काय खाल्लं, कुणाची आठवण काढली, हे सगळं अक्काने मला सांगितलं, तिसऱ्या दिवशी आलेल्या माणसाला सांगावं तसं. माझी आठवण त्यांनी दोनदा काढली होती.

उन्हं कलली तेव्हा मी उठले. दारावर आलेल्याने निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून म्हटलं नाही. तिनेही निरोप दिला नाही, ओट्यापर्यंतही आली नाही. मी मुकाट्याने चपला घातल्या आणि निघाले.

परतताना धुळ्याचा सरळ रस्ता धरला. कोरियातल्या त्या म्हातारीने उशिरा आलेल्या मैत्रिणीला रस्सा वाढला, आणि तो वाढलेला बघून मी इतकी वर्षं रडत आले. माझ्या बहिणीने माझा चहा ओतून टाकला. जळगावात शिरता शिरता मला वाटलं की मला आजवर याहून मोठं काही कुणी वाढलेलं नाही.

घरी सून दार उघडायला आली. तिला म्हटलं, आधी बाहेरच पाणी दे. अंगणात हातपाय धुतले, चूळ भरली. "कुणी गेलं का?" तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, "हो ग. दाजी गेले."