कॅमेऱ्यावरची झेंडूची माळ

ती माळ मी घातली होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

एकोणीसशे सत्तरनंतरची पहिली वर्षं. मी केडगावचा, नोकरीला समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात. वापरलेलं इंधन पाण्याच्या ज्या टाकीत ठेवत, तिथे माझी पाळी असे. ते इंधन कुणी बॉम्बसाठी काढून नेत नाही ना, हे पाहायला परदेशी तपासनीस येत. आधी त्यांचा सगळा भरवसा तारेवर आणि शिक्क्यावर. मालगाडीच्या डब्याला असतो तसा. मग त्यांनी भिंतीवर उंच एक पेटी बसवली. आत फिल्मचे दोन कॅमेरे, ठरावीक वेळाने आपोआप टक्‌ वाजायचे. तपासनीस नसताना पाहायचं काम त्या पेटीचं.

खंडेनवमीला आम्ही पाने-पकडी, पंप, क्रेन, सगळ्यांची पूजा केली. फुलं आणली होती आमच्या मदतनिसाने. तो माझ्याच जिल्ह्यातल्या जामखेडचा, वयाने मोठा, मला 'गाववाले' म्हणायचा. एक माळ उरली. माझी नजर पेटीकडे गेलेली त्याने पाहिली.

"तिला ऱ्हाऊ द्या. ती आपली न्हाई."

"रात्रंदिवस राबते की! तिला एकटीला का वगळायचं?" म्हणत मी शिडीवर चढलो.

दसऱ्याच्या सुट्टीत माळ सुकली आणि घसरून पेटीच्या काचेवर, दोन्ही कॅमेऱ्यांसमोर आली. कामावर आल्या आल्या मी ती काढून टाकली आणि गप्प बसलो.

तपासनिसांनी फिल्म धुतली तेव्हा सुट्टीभरचं सगळं काळं निघालं, आणि त्याआधीच्या चित्रात काचेवर उतरत आलेली झेंडूची फुलं. इंधन जागच्या जागी होतं, पण जबाबदार कुणीतरी लागतोच. साहेबांनी विचारलं, "पूजेची फुलं कोणी आणली?" तो म्हणाला, "मी." आणि माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहत राहिलो. त्याला कामावरून काढलं.

पुढे दुष्काळ पडला. जामखेडच्या रस्त्यावर एसटी पंक्चर झाली, खाली उतरलो, तर तो दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेला.

"काय गाववाले, औंदा घातली का माळ कॅमेऱ्याला?" तो हसला.

"मी तेव्हा बोलायला हवं होतं," मी कसाबसा म्हणालो.

"व्हय, हवं हुतं." हातोडा खाली ठेवून तो म्हणाला, "फिल्म काळी झाली म्हनून काडलं, हे हितं कुनाला पटतंय? गाव म्हनतंय, चोरी केली. पोरगंबी तेच धरून बसलंय. माझं ऐकत न्हाई. त्याला तेवढं येऊन सांगा."

"येतो," मी म्हणालो. चाक बदललं, एसटी निघाली.

गेलो नाही. किती रजा आल्या नि संपल्या. दर वेळी केडगावातच अंग टाकून पडून राहायचो. आता त्या पेट्यांत फिल्म नसते, व्हिडिओ असतो म्हणे. तो वारल्याचं कळलं, तेव्हाही गेलो नाही.

मुलगा जामखेडातच आहे. तुझ्या बापाने काही चोरलं नाही, माळ मी घातली होती, हे त्याला समोर बसून सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.