सूर्याच्या पाण्याची पहिली आंघोळ

सांगतो, सगळं सांगतो. पण आधी चहाचे कप खाली ठेवा. मागं हा किस्सा सांगितला तेव्हा माझ्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता आणि त्याच्या अंगात नवा शर्ट होता.

गाढवपणा माझाच. साधासुधा नव्हे, शिकलेला गाढवपणा! आणि शिकलेला गाढवपणा कसा असतो माहीत आहे का? तो करताना माणूस दुसऱ्यांची कीव करत असतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कराडला हायस्कुलात मास्तर. आमच्या अख्ख्या आळीत अक्कल असलेला माणूस एकच आहे, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं. तो माणूस कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल.

नाहीतर बाकी होतं कोण हो? शेजारी जगदाळे सुभेदार. फौजेतून रिटायर होऊन आले आणि थेट वास्तुशास्त्राच्या नादी लागले. चांगला बांधलेला संडास पाडून परसात दुसऱ्या कोपऱ्यात बांधला. देवघर तीनदा हलवलं. शेवटी शेवटी तर देवांनाच आपण कुठे राहतो ते आठवत नसेल. दिशा म्हटलं की या माणसाचे डोळे लकाकायचे.

मी त्यांना तोंडावर म्हणायचो, "सुभेदार, बॉर्डरवर तुम्ही शत्रू कुठनं येतोय ते बघायचा. आता लक्ष्मी कुठनं येतेय ते बघताय व्हय?"

त्यावर ते खो खो हसायचे. आपण टोमणा मारावा आणि समोरच्यानं हसावं, याच्यासारखा अपमान नाही.

आणि घरात आमची मंडळी. तिचा सगळा जीव तांब्याच्या बंबात. हल्लीच्या पोरांना बंब म्हणजे फायर ब्रिगेड वाटते, म्हणून सांगतो. आंघोळीचं पाणी तापवायचं ते तांब्याचं उभं धूड, मधे नळी, नळीत जळण घालायचं. रोज सकाळी धूर, राख आणि चोळून चोळून लाल झालेले डोळे. मला त्या बंबाची भयंकर चीड. मी म्हणायचो, "जग कुठं चाललंय आणि आपण मक्याची बुरकुंडं पेटवत बसलोय!"

अशात कराडच्या स्टँडाजवळ इंटरनेटचं दुकान निघालं. दारं बंद, आत गारवा, आणि इंजिनियरिंगची पोरं एकेका खोक्यासमोर बसून न पाहिलेल्या पोरींशी चुकीच्या इंग्रजीत बोलत होती. सगळ्या जगाचं ज्ञान समोर उघडं पडलंय आणि हे काय टाइप करतायत, तर 'जेवलीस का?' मला त्यांची इतकी कीव आली, की विचारू नका.

"मालक," मी म्हणालो, "सूर्यावर पाणी कसं तापवायचं ते काढा."

मालकानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी किराणा दुकानात हत्ती मागितला होता. पण काढलं त्यानं. फोनची लाइन किंचाळली, मग खरखरली, आणि बऱ्याच वेळानं एक पान वरून खाली उतरायला लागलं. कुणी एक गोरा आणि त्याची बायको. गाव सोडून रानात राहायला गेलेली. भाजी स्वतःची, कोंबड्या स्वतःच्या, खत स्वतःचं, दिवा सूर्याच्या विजेवर आणि आंघोळीचं पाणीसुद्धा सूर्यावर! कुणाच्या पाया पडणं नाही, की बिल नाही. माझ्या अंगावर काटाच आला. माझ्यासारखा विचार करणारा दुसरा माणूस या पृथ्वीवर होता तर!

पानाच्या माथ्यावर एक मोठं चित्र होतं, ते काही केल्या उतरेना.

"चित्रं बंद करा हो," मी मालकाला म्हणालो. "आपण काय सिनेमा बघायला आलोय?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

कागद छापून घेतले, डिक्शनरी घेऊन बसलो. कृती सोपी होती. लाकडाची उथळ पेटी, आत काळ्या रंगाची तांब्याची नळी, वर काच. पेटी उतरती मांडायची आणि तिच्या डोक्यावर गोधड्या गुंडाळलेली टाकी. दिवसा तापलेलं पाणी सकाळपर्यंत गरम राहणार. आणि ठळक अक्षरात बजावलं होतं, पेटीचं तोंड बरोब्बर उत्तरेला हवं.

पुढं तर त्यानं कमालच केली होती. लिहिलं होतं, 'जून-जुलैत पाणी फारसं तापणार नाही.' मी मांडीवर थाप मारली. मान्सून! या गोऱ्याला आपला पावसाळासुद्धा ठाऊक आहे! 'ऑक्टोबरपासून पेटी जोर धरेल.' आता बोला! ऑक्टोबर हीट! हा माणूस नक्की कधीतरी कराडात राहून गेलेला असणार. 'आणि डिसेंबरात पाण्याला हात लावताना जपा.' एका ठिकाणी लिहिलं होतं, की नाताळच्या सुट्टीत पोरं समुद्रावर पोहून आली की याच पाण्यानं अंग धुतात. तिथं मी जरा थबकलो. पण म्हटलं, गोऱ्यांना कुठली थंडी वाजतेय?

मे महिन्याच्या सुट्टीत मी गच्चीवर पेटी उभी केली. घरात आमच्या सुनीच्या लग्नाची गडबड. सुनी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. बायका खाली रुखवताचे लाडू वळतायत आणि मी वर होकायंत्र घेऊन पेटी इंच इंच सरकवतोय. तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून जगदाळे ओरडले.

"मास्तर! उत्तरेला तोंड? वा रं पठ्ठ्या!"

"मग?"

"आवं, उत्तर म्हंजी कुबेराची दिशा! आन दक्षिण म्हंजी यमाची. आखीर तुमी बी आमच्या लायनीत आलाच म्हणायचं. मान गये!"

माझं डोकं असं फिरलं! मी, आणि याच्या लाइनीत? निव्वळ या माणसाला खोटं पाडायला मी पेटी धरली आणि दक्षिणेकडं वळवायला लागलो. अर्धी वळवलीसुद्धा होती. तेवढ्यात शास्त्र आडवं आलं. म्हटलं, एका अडाण्याच्या नादानं विज्ञान कशाला बिघडवा? आणि पुन्हा बरोब्बर उत्तरेला लावली.

दुसऱ्या दिवशी टाकीचा नळ सोडला आणि बोटं पोळली. खरंच पोळली हो! मी तशीच ओली बोटं घेऊन खाली आलो आणि आमच्या हिला दाखवली.

"बघ!"

"बरनॉल लावा," ती म्हणाली.

त्याच दिवशी मी बंब उचलला आणि जगदाळ्यांच्या दारात नेऊन ठेवला. "घ्या. तुमच्यासारख्यांना उपयोगी पडंल." मागून आमची ही पदर तोंडाला लावून उभी. तिच्या आईनं दिलेला बंब होता तो.

"अवो, आसू द्या की एका कोपऱ्यात. खायला मागतोय व्हय?"

"धूर मागतोय," मी म्हणालो. माझ्याच वाक्यावर मी खूश.

सुनीला सांगलीला दिलं होतं. व्याही हळदीचे व्यापारी, बोलायला तिखट. लग्नाच्या पंक्तीत मी त्यांच्या शेजारी बसून पेटीचं पुराण लावलं. ते जिलेबी मोडता मोडता म्हणाले, "मास्तर, उन्हात पापड वाळत्यात. पाणी तापतंय व्हय?"

झालं! मी पानावरून उठायच्या बेतात. "इवाई, दिवाळसणाला जावयाला पाठवा. पहिली आंघोळ सूर्याच्या पाण्यानं घालतो. न्हाई घातली तर मिशा उतरवीन!"

"बघा हां. आमच्या लेकाला कडक पाणी लागतंय. सर्दीचा कोठा हाय त्याचा."

अख्ख्या पंक्तीनं ऐकलं. म्हणजे आता प्रश्न पाण्याचा उरला नव्हता, माझ्या मिशांचा झाला होता. शिवाय जावयाचा पहिला सण, त्यात काही उणं पडलं तर सुनीला सासरी जन्मभर ऐकावं लागणार.

पावसाळ्यात पाणी गार यायला लागलं. पण ते तर गोऱ्यानं लिहिलंच होतं. गणपती गेले, दसरा झाला, ऊन चांगलं रणरणायला लागलं. पाणी मात्र कोमट. आमची ही म्हणाली, "अवो, दिवाळी तोंडावर आली."

"ऑक्टोबरपासनं जोर धरणार. लिहिलंय तसं."

"ऑक्टोबर संपत आला."

"मग धरंलच की आता!"

आणि जावई येणार त्या आठवड्यात मी फर्मान काढलं, की टाकीच्या नळाला कुणी हात लावायचा नाही. सगळं गरम पाणी पाव्हण्यांसाठी राखून ठेवायचं. आम्ही सगळे हौदातल्या पाण्यानं आंघोळ करत होतो.

नरकचतुर्दशीची पहाट. न्हाणीत पाटाभोवती रांगोळी, समई, उटण्याचा वास. जावईबापू पाटावर बसलेले. गोरेपान, अंगानं भरलेले आणि स्वभावानं अगदी गाय. सासूनं तेल चोळून चोळून त्यांना चकचकीत केलेलं. सुनी आरतीचं ताट घेऊन उभी. मी बादली भरून आणली आणि जाहीर केलं, "पहिला तांब्या मी घालणार!"

आणि घातला.

जावयाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बाहेर पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, शिट्टीचा फटाका उडाला.

"अवो, पाणी गार हाय!" आमची ही ओरडली.

"नळीतलं आधीचं आसंल. थांब." मी दुसरा तांब्या घातला. मग तिसरा. विज्ञानावर माझा विश्वास होता हो!

"कसं वाटतंय जावईबापू?"

"ब-ब-बरं हाय मामा," ते म्हणाले. दात वाजत होते, पण सासऱ्याचा मान सोडत नव्हता बिचारा. "निस्तं... थांबलासा तरी चालंल."

सुनीनं आरतीचं ताट खाली ठेवलं आणि माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. तिचे डोळे भरलेले. गॅसवर पाणी ठेवावं, तर सिलिंडर आदल्या दिवशी करंज्या तळता तळता संपलेला. वीज नेहमीसारखी गेलेली. जावई तेलानं माखून पाटावर कुडकुडतायत आणि आमची ही माझ्याकडं बघतेय.

मी बादली उचलली आणि जगदाळ्यांचं दार वाजवलं. दिवाळीच्या पहाटे, हातात रिकामी बादली! जगदाळे परसात बंबापाशी बसले होते. बंब कसला लखलखत होता हो! चिंच लावून घासलेला. आमच्या घरात तो कधी एवढा चमकला नव्हता.

"या मास्तर! हॅपी दिवाळी!" त्यांनी बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता तोटी सोडली. वाफ माझ्या चष्म्यावर आली. "न्या की. तुमचाच बंब हाय. लय भारी तापतोय. आग्नेय कोपऱ्यात ठिवलाय ना!"

एरवी मी त्यांना तासभर झोडपलं असतं. पण माझी बादली अजून अर्धीच भरली होती. मी म्हणालो, "बरोबर हाय तुमचं."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

जावयाची आंघोळ झाली. उजाडलं. सगळे गच्चीवर फराळाला बसलो आणि तिथं ती पेटी समोरच! सकाळचं लख्ख ऊन तिच्या पाठीवर पडलेलं आणि पुढं काचेवर गडद सावली. जावई शाल पांघरून शिंकत होते. सुनीनं माझे ते कागद मागून घेतले. लग्नाच्या धांदलीत तिनं ते कधी बघितलेच नव्हते. एका हातात चकली, एका हातात कागद, अशी ती वाचायला लागली आणि एकदम थांबली.

"अप्पा, नाताळात पोरं समुद्रावर पोहायला जातात?"

"गोरी हायत ती."

"आणि जूनमध्ये ऊन कमी, डिसेंबरात कडक?"

"मग?"

"अप्पा, हा माणूस ऑस्ट्रेलियातला आहे!"

चकली माझ्या घशात अडकली. डोळ्यांसमोर ते न उतरलेलं चित्र आलं. पुढं एकदा त्या दुकानात जाऊन मी ते मुद्दाम उघडून बघितलं. ऑस्ट्रेलियाचा नकाशा होता आणि त्यावर कांगारू. पण त्या दिवशी चित्राची गरजच उरली नव्हती. पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागात सूर्य उत्तरेला असतो, म्हणून त्याची पेटी उत्तरेला. आपल्याकडं तो मे महिन्यात डोक्यावर, म्हणून माझी बोटं पोळली. आणि दिवाळीत दक्षिणेला कलतो, म्हणून जावई गोठला. सगळं एका क्षणात, अगदी फळ्यावर आकृती काढल्यासारखं मला दिसलं.

"आणि अप्पा," सुनीचा आवाज आता चांगलाच चढला होता. "नववीत 'ऑस्ट्रेलियात नाताळ कुठल्या ऋतूत येतो' म्हणून तुम्ही वर्गात विचारलंत. मी हिवाळा म्हटलं, तर अख्खा तास मला बाकावर उभं केलं होतंत!"

जावयानं शालीतून तोंड बाहेर काढलं. बिचाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "व्हय मामा, तुमचा शाळंत इषय कुठला म्हणायचा?"

मी पेटीकडं बघितलं. मिशांवरून हात फिरवला, शेवटचा.

"भूगोल," मी म्हणालो.