सुमनचं लग्न आणि न वळणारी गाडी

आमच्या सुमनचं लग्न ऐन आषाढात ठरलं, आणि त्याला कारण आमचे मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि त्यांनी पंचांग घराबाहेर काढलं. "मुहूर्त कायले पाहिजे? आपला दिवस आपण ठरवू," म्हणाले आणि लेकीसाठी बुद्धाच्या पहिल्या उपदेशाची आषाढी पौर्णिमा धरली. बरोबरच होतं. फक्त आषाढात लोक लग्न का करत नाहीत, याचं एक कारण पंचांगात नसून रस्त्यात असतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. (काळी माती. पावसात ती बैलाचाही पाय सोडत नाही.)

लग्न नवरदेवाच्या दारी, मुकुटबनला. त्याच्या काकाला आषाढ मुळीच पटला नव्हता. त्याने निरोप धाडला, "दुपारपर्यंत नवरी आली तर ठीक. नाही आली तर दिवसच चुकला समजू, अन् वैशाखात मुहूर्त काढू." झालं! मामाजींची इज्जत आणि सुमनचं लग्न, दोन्ही आमच्या पिकपवर येऊन बसलं.

ही पिकप लष्कराच्या भंगारातली. माझा नवरा तिच्यातून कापूस आणि बाजाराची माणसं न्यायचा. सडकेवर ती शहाणी, पण चिखलात मागचं एक चाक गरगर फिरायचं आणि दुसरं नुसतं बघत उभं राहायचं. म्हणून आम्ही दोघं पांढरकवड्याला करीम मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री म्हणाले, "भाभी, मागच्या दोन चाकांच्या मधात गोळा असते, डिफ्रन्शल. त्याले दोन इलाज. एक, अंदरचे दाते वेल्डिंगनं जाम करून टाकतो, दोन्ही चाकं संगच फिरतीन. दुसरा, नागपूरवरून मिलिटरीचा गोळा मागवतो. तो चाक घसरलं तरच पकडते, वळताना सोडते. पण टाइम लागते."

"वेल्डिंगमधी वाईट काय?"

"चिखलातून निकल जाएगी. लेकिन मोडपर सीधी जाएगी."

नवरा म्हणाला, "मग नागपूरचाच..." मी त्याला पुरं बोलू दिलं नाही. "जोडीतला एक बैल ओढते अन् दुसरा उभा राह्यते, असा बैल ठेवसान का तुम्ही? जाम करा. मुकुटबनचा रस्ता सरळच हाये." (मुकुटबनला मी तोवर गेले नव्हते.)

लग्नाच्या सकाळी नवरा आणि मामाजी पुढे बसले. मागे सुमन, तिच्या दोन आत्या, आणि बुंदीचं पातेलं राखायला मी. सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. चिखलातून गाडी अशी निघाली की विचारू नका. वाटेत एक ट्रक रुतून बसला होता. मी त्याच्या ड्रायव्हरला वरून विचारलं, "काहून रे, गोळा जाम नाही केला?"

मुकुटबनात मुरमाची टणक गल्ली लागली. डाव्या हाताला मांडव, दारात हार घेतलेली मंडळी. नवऱ्याने स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी सरळ गेली. नवरी सगळ्यांकडे बघत मांडवासमोरून पुढे निघून गेली.

"अरे, नवरी चालली ना!"

"कुठं चालली?"

"तिलेच विचारा."

गाडी उकिरड्यात जाऊन थांबली. नवऱ्याने मागे घेतली, तर ती मागेही सरळच. पुन्हा मांडव आला, पुन्हा मांडव गेला.

काका ओरडला, "मी म्हटलं नव्हतं, दिवस चुकला!"

मामाजी खिडकीतून म्हणाले, "दिवस बरोबर हाये. गाडी चुकली."

"वहिनी, मी उडी मारू का?" सुमनने विचारलं.

"साडी खराब होईन. बस गुमान."

तिसऱ्या खेपेला मांडव आला तेव्हा तिने मला विचारलंच नाही. पदर खोचला, उडी मारली आणि चालत जाऊन नवरदेवाशेजारी बसली. मागोमाग आत्या उतरल्या. दुपार अजून व्हायची होती. काकाची अट पुरी झाली.

पण बुंदी गाडीतच होती आणि मीही. नवऱ्याने पुन्हा वळवून पाहिली. सरळ. मागच्या चाकांखाली पाणी ओतून पोरांनी गाडीची शेपटी बाजूला ढकलून पाहिली. सरळ. काकानेच बुंदीचं पातेलं उतरवून घेतलं. तरी सरळ.

"ताई, आता तुम्ही बी उतरा," काका म्हणाला.

"माझ्यानं काय होते?"

"उतरा तर."

मी उतरले. गाडी वळली. मांडवात लग्नापेक्षा मोठा हशा पिकला, आणि तो आषाढ काकालाही गोड लागला.

पुढे करीम मिस्त्रीने विचारलं, "काय भाभी, मागवू का नागपूरवरून?"

नवरा म्हणाला, "राहू द्या. आधी हिले पुढं बसवून पाहतो."

बसवून पाहिलं. पुढच्या चाकांवर भार आला आणि गाडी कशीबशी वळायला लागली. तेव्हापासून माझी जागा पुढची, खिडकीजवळची. गावातल्या बाया म्हणायच्या, नवरा बायकोला मान द्यावा तर असा. मी कधी कोणाला कारण सांगितलं नाही.