काटेवाल्यांच्या घरची छत्री

गल्लीत त्यांना सगळे वहिनी म्हणत, आणि लांबच्या कुणी विचारलंच तर ‘काटेवाल्यांच्या वहिनी’. नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा, म्हणून तो काटेवाला. वहिनी स्वतः एका छापखान्यात बाइंडिंगला होत्या. कागदांच्या घड्या घालायच्या, जुड्या शिवायच्या आणि शेवटी अशी गाठ मारायची की पुस्तक फाटलं तरी गाठ सुटू नये. बरोबरच्या बायका चेष्टा करत, "हिनं गाठ मारली की सोडवायला हिलाच बोलवा." वहिनी नुसत्या हसत. मनातून बरं वाटायचं, पण बोलून दाखवायची सवय नव्हती.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांनी सारा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला होता. गल्लीतले निम्मे बाप्ये लहानपणी त्यांच्यापुढे नखं दाखवत उभे राहिलेले; अजूनही दारावरून जाताना शर्टाची बटणं चाचपत. आता पाय साथ देत नव्हते. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर, एवढाच त्यांचा प्रवास. आवाज मात्र वर्गातला तो वर्गातलाच.

आणि अलीकडे अधूनमधून पहाटे त्यांची चादर ओली व्हायला लागली होती.

पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी वहिनींचं मनगट घट्ट धरलं. "बाळाला कळता कामा नये."

बाळ म्हणजे कानाशी केस पांढरे झालेला काटेवाला.

"नाही कळणार, आई."

एवढंच बोलणं झालं. पुढे दोघींना शब्द लागले नाहीत. भाजीबाजार उजाडण्याआधी भरतो, आणि काटे नेमके बाजार भरतानाच बिघडतात, म्हणून काटेवाला अंधारातच सायकल काढायचा. तो कोपऱ्यावरून वळला की वहिनी चादर ओढून घेत, धूत, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे कठड्यावर टाकत. बाकीच्या बिऱ्हाडांची धुणी पुढच्या तारांवर असत. टाकीमागे कुणी फिरकत नसे. छापखान्याला निघण्यापूर्वी चादर काढून, घडी घालून, कपाटात. वाऱ्यानं एकदा ती उडून खालच्या अंगणात पडली, तेव्हा वहिनी अनवाणीच जिना धावत उतरल्या होत्या.

अशात गल्लीला केबल देणाऱ्यानं धंदा बंद केला. बाकीच्यांच्या मालिका गेल्या, सासूबाईंची सकाळची प्रार्थना गेली. टीव्हीवर रोज सूर्य उगवायच्या सुमाराला काही बाया-माणसं साध्या कपड्यांत बसून गायची. सासूबाई वेणी घालून, स्वच्छ पातळ नेसून, खुर्चीत ताठ बसून ऐकायच्या. मधे कुणी बोललं तर बोट ओठावर. प्रार्थना गेली तशी त्यांनी वेणी घालायची सोडली. "कुणासाठी घालायची?" म्हणाल्या.

काटेवाल्यानं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना सायकलच्या मागे छत्री बांधून आणली. पावसाची नव्हे, टीव्हीची. ताटासारखी गोल आणि अंगणातल्या घंगाळापेक्षा मोठी.

"आकाशातून फुकट येणारी चॅनेलं असतात," त्यानं आईला सांगितलं. "एकदा लावली की कुणाचं मिंधं राहायला नको. तुझी प्रार्थना त्यातच आहे."

"आणि लावणार कोण?"

"मी."

"तुला शिवणाच्या सुईत दोरा ओवता येत नव्हता."

"आई, मी आता सोनाराचे काटे लावतो!"

"बघू," सासूबाई म्हणाल्या, आणि सूनबाईंकडे हळूच फणी मागितली.

छत्री लावायचं काम म्हणजे काटेवाल्याला मेजवानीच. आधी त्यानं छत्री आपल्या काट्यावर ठेवून तिचं वजन घेतलं. तिच्यापुढे टोकाला बसणारं नळकांडं, आकाशातलं पकडणारं, तेही तोललं. मग तेवढा भार पेलेल असा बेताचा पाइप निवडला. गरजेपेक्षा जाड घ्यायचा म्हणजे त्याला चूक केल्यासारखं वाटे. टाकीमागच्या कोपऱ्यात आकाश मोकळं होतं. तिथे कठड्याला पट्ट्या ठोकून त्यानं पाइप उभा केला. टाकीच्या वर डोकं निघावं म्हणून तो चांगला उंच ठेवावा लागला. तो ताठ उभा आहे का ते पाणसळ लावून पाहिलं, दिशा होकायंत्रावर धरली आणि मग वरून ओरडला, "अगं, बघ! पट्टी हलली का?"

खाली टीव्हीसमोर वहिनी. पडद्यावर दोन पट्ट्या: एक जोर दाखवणारी, एक स्वच्छपणा. स्वच्छपणाची पट्टी भरली की चित्र येणार.

"नाही हलली!"

"आता?"

"नाही!"

"आता?"

"हलली! अहो, गेली! पुढे गेलात तुम्ही, मागे या!"

"मागे म्हणजे कुठे? मी गच्चीवर आहे!"

"जिथून आलात तिथे!"

खालच्या बिऱ्हाडातले निवृत्त पोस्टमन जिन्यात उभे राहून दोघांचे आवाज वर-खाली पोचवू लागले. गल्लीत त्यांना सल्लागार म्हणत. कुणी विचारो न विचारो, सल्ला हजर. "वहिनी म्हणतात मागे या," असं ते वर कळवत, आणि पदरचं जोडत, "पण माझ्या मते डावीकडे घ्या."

शेवटी पट्टी भरली. सासूबाईंनी हात जोडले आणि लेकाला वरून खाली बोलावून घेतलं. "ये इकडे. नखं दाखव." त्यानं ग्रीसनं माखलेले हात पुढे केले. "चालेल आज," त्या म्हणाल्या.

वहिनींनी त्या दिवशी देवापुढे दिवा लावताना आणखी एका गोष्टीचे आभार मानले. टाकीमागे आता खांब आला होता. खांबापासून टाकीच्या नळापर्यंत दोरी बांधली की चादर उडून जायची धास्ती नाही. देवाला सगळं कळतं, त्यांना वाटलं, न मागितलेलंही. त्यांनी दोरी ताणून बांधली आणि आपली छापखान्यातली गाठ मारली.

पुढचे काही दिवस सकाळ कशी लख्ख जायची. मग एका सकाळी प्रार्थना सुरू झाली, चौकोन-चौकोन झाले आणि पडदा निळा. दुपारी काटेवाला घरी आला तर चित्र आरशासारखं. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच. सकाळी गेलं, दुपारी आलं.

"वजनकाटा असं करेल तर मी त्याला भंगारात टाकीन," तो वैतागून म्हणाला. त्यानं तारेची टोकं नव्यानं कापली, नळकांड्यावर प्लास्टिकची टोपी घातली.

"कबुतरं," सल्लागारांनी सांगितलं. "सकाळी कबुतरं बसतात छत्रीवर. आमच्या टपालपेटीवरही बसायची."

मग छत्रीच्या कडेला चमचमणाऱ्या पट्ट्या बांधल्या गेल्या. कबुतरं येईनात, पण प्रार्थना मधूनच जायची ती जातच राहिली.

त्या सुमाराला वहिनींच्या लक्षात आलं की सासूबाईंच्या उशाचा पाण्याचा पेला संध्याकाळी भरून ठेवावा तसा भरलेलाच राहतो. दुपारनंतर त्या घोटभरही पाणी घेईनात. ओठ सोलले, खुर्चीत बसवताना भोवळ आली. डॉक्टरीण येऊन बघून गेली आणि स्पष्ट बोलली, "पाणी प्यायला हवं. नाहीतर इस्पितळात न्यावं लागेल."

ती गेल्यावर वहिनी पेला घेऊन खाटेशी बसल्या. "आई, हे काय चाललंय?"

सासूबाईंनी पेला हातानं बाजूला सारला. मग हळू म्हणाल्या, "तुझ्या लक्षात नाही आलं? ज्या दिवशी माझी चादर भिजते, त्याच दिवशी ते बंद पडतं. एरवी नाही."

"काहीतरीच."

"मी नीट बघितलंय. दर वेळी." त्यांनी पांघरुणाची कडा चिमटीत धरली. "मळके कपडे घालून येणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभं करायचे. तिथूनच ऐक म्हणायचे. आता मला कुणी दाराबाहेर ठेवलंय, सूनबाई. त्यात त्याची चूक नाही."

देव असा नसतो, हे वहिनींना अगदी आतून ठाऊक होतं, पण शाळेच्या बाईंपुढे ते सिद्ध कसं करायचं? पेला तसाच ठेवून त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी छापखान्यात त्यांच्या हातून एक जुडी उलटी शिवली गेली, असं कधी झालं नव्हतं.

पाणी सोडूनही त्याच आठवड्यात चादर पुन्हा भिजली. काटेवाल्याची सायकल कोपऱ्यावर वळली तशी वहिनींनी चादर धुतली, सासूबाईंची वेणी घातली, त्यांना खुर्चीत बसवून टीव्ही लावला. प्रार्थना सुरू झालेली ऐकून जिना चढल्या. टाकीमागे येऊन ओली चादर दोरीवर टाकली, आणि टाकून झाल्यावर आज पहिल्यांदाच, आईंचे शब्द डोक्यात असल्यानं, मान वर करून छत्रीकडे पाहिलं.

छत्रीच्या पट्ट्या लकाकत होत्या. तिची खालची कड रोज समोरच्या घराच्या पत्र्याच्या वर दिसायची. आता ती पत्र्याच्या रेषेखाली उतरली होती. वहिनींनी चादर दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरली. पाइप हलकेच सरळ झाला आणि छत्रीनं मान वर केली.

खालून वर्गातला आवाज आला, "आलं गं!"

वहिनींनी चादर दोरीवर सोडली.

"गेलं!"

पुन्हा उचलली.

"आलं! अगं, काय करते आहेस तू वर?"

वहिनी तिथेच ओल्या चादरीसकट खाली बसल्या. त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मग उठून दोरी सोडवायला लागल्या. गाठ त्यांचीच, ती काय सहज सुटते? शेवटी दात लावावे लागले.

खांद्यावर चादर टाकून त्या खाली आल्या तेव्हा पडद्यावर बाया-माणसं शांतपणे गात होती. वहिनींनी गुडघ्यावर बसून सगळं सांगितलं: खांब, दोरी, ओल्या चादरीचा भार. सासूबाईंनी ओठावर बोट ठेवलं. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या,

"म्हणजे देव नव्हे. तू."

"मी, आई."

"छत्रीच्या खांबाला धुणं बांधलंस."

"हो."

"जा, वर्गाबाहेर उभी राहा."

आणि दोघी इतक्या हसल्या की खालून सल्लागारांनी विचारलं, "सगळं ठीक ना, वहिनी?"

संध्याकाळी वहिनी छापखान्यातून परतल्या तर काटेवाला गच्चीवर होता. टाकीच्या दुसऱ्या बाजूला, छत्रीपासून लांब, तो एक नवा पाइप उभा करत होता. चांगला मनगटाएवढा जाड.

"हा कशाला?"

"दोरी मी आधीही बघितली होती, पण रिकामी; कुणाच्या धुण्याची असेल म्हणून सोडून दिली. आज दुपारी ती गेलेली, आणि खांबाच्या रंगावर तिचा वळ," तो बोल्ट आवळत म्हणाला. "छत्रीचं वजन मी तोळ्या-तोळ्यानं घेतलं होतं. ओल्या चादरीचं धरलंच नव्हतं."

वहिनी जपून म्हणाल्या, "चादर कोण म्हणालं? टॉवेल घालते मी."

"टॉवेलानं एवढा पाइप वाकत नाही. वजनाचं तरी मला सांगू नकोस."

वहिनींनी खाली पडलेला एक बोल्ट उचलून त्याच्या हातात दिला. त्यांनी आईंना शब्द दिला होता. काटेवाल्यानं पाना खाली ठेवला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

"आईच्या खाटेवरची चादर कधी बदलते ते दिसतं गं मला. सुरुवातीपासून दिसतंय. तुम्ही कुठे वाळत घालता एवढंच माहीत नव्हतं." पाना पुन्हा उचलून तो म्हणाला, "बाजार काही इतका लवकर भरत नाही. मी आपला लवकर निघतो. तुम्हाला दोघींना मोकळं मिळावं म्हणून."

"बाजाराबाहेर अंधारात उभे राहता?"

"चहावाला असतो की. आईला सांगू नकोस हं मला कळलंय ते."

"नाही सांगणार," वहिनी म्हणाल्या. आता त्यांच्याजवळ दोन शब्द झाले होते, एक आईला दिलेला, एक लेकाला. दोन्ही सांभाळायला जड नव्हते. त्यांनी नव्या पाइपाला हात लावून हलवून पाहिला.

"हलणार नाही तो," काटेवाला म्हणाला. "आपण दोघं लटकलो तरी. जन्मात पहिल्यांदा गरजेपेक्षा जास्त जाड घेतलाय. दोरी मात्र तूच बांध."

खाली सासूबाईंनी हाक मारली, "बाळ, आता वर काय खुडबुड चाललीय?"

"धुण्यासाठी खांब लावतोय, आई! टॉवेल वाळत नाहीत म्हणते ही."

"बरं केलंस! टॉवेल फार होतात आपल्याकडे!"

वहिनी खाली आल्या, दिवा लावला आणि उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवला. सासूबाईंनी तो उचलला, एका दमात अर्धा केला, मग श्वास घेऊन उरलेलाही संपवला. रिकामा पेला सुनेपुढे धरून म्हणाल्या,

"आणखी थोडं दे. घसा मोकळा पाहिजे. उद्या मीही म्हणणार आहे त्यांच्याबरोबर."