व्हॉल्व्ह धरा रे कोणीतरी!

ऑर्केस्ट्रा काढला की गाणी किती बसतात ते सोडा, किस्से मात्र ढिगानं जमतात. आमचे तर निम्मे किस्से एकाच डब्यातून निघाले. तो डबा म्हणजे भुरेकाकांचा, गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प!

भुरेकाका जवाहरनगरच्या फॅक्टरीतून, तपासणी खात्यातून रिटायर झाले आणि घरी न विचारता नागपूरहून हा जुना ॲम्प घेऊन आले. आत काचेचे व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत असायचे तसेच, पण इथे वटवाघळासारखे उलटे लटकलेले. त्यांना धरून ठेवणारे स्प्रिंगचे क्लिप आधीच्या मालकानंच कुठेतरी घालवले होते. त्यामुळे सामानाची पिकअप गाडी खड्ड्यात आदळली, की व्हॉल्व्ह सॉकेटमधून सुटलाच म्हणून समजा. क्लिप बाजारात मिळतात. पण मिळणारी वस्तू सरळ विकत आणायची, तर आम्ही कलावंत कसले?

"शिल्पाच्या पाठवणीले मी स्वतः गिटार वाजवीन," असं काकांनी जाहीर केलं. शिल्पा त्यांची एकुलती एक लेक, लग्न ठरलेलं.

"त्या दिवशी डबा बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी कबाडीवाल्याले देऊन टाकीन," असं काकूंनी जाहीर केलं. काकू बोलतात ते करतात. काका नुसतं बोलतात.

*

पहिला उपाय प्रल्हादशेठचा. शेठचं मोहाडीत कापडाचं दुकान, आणि ऑर्केस्ट्रात ते गायक. गिऱ्हाईक उठून जाऊ नये, एवढीच त्यांची दोन्हीकडे माफक अपेक्षा! त्यांनी साड्यांच्या गठ्ठ्यांचे रबरबँड आणले आणि व्हॉल्व्ह करकचून आवळले.

आता व्हॉल्व्ह तापतो. हात लावला तर फोड येईल इतका तापतो. हे शेठना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, पण सांगायचं कोणी? वरातीत दुसऱ्याच गाण्याला रबर वितळून काचेवर ओघळलं. वास असा सुटला, की नवरदेवाची घोडी मागं सरकायला लागली.

आम्ही शेठकडे पाहिलं. शेठ शांतपणे म्हणाले, "चिपकला ना पक्का? आता कुठी जाते तो!"

*

मग गुणवंता पुढे आला. आंधळगावचा विणकर, आमच्याकडे ऑक्टोपॅड वाजवतो.

"रबर कायले लावता जी? कोशाचा रेशमी धागा लावा. हत्ती बांधला तरी तुटत नाही."

आम्हाला हत्ती बांधायचा नव्हता, पण गुणवंतानं इतक्या देखण्या गाठी मारल्या की व्हॉल्व्हचंच लग्न आहे असं वाटावं. त्या दिवशी बारशाचा कार्यक्रम होता. पाळणा सुरू झाला आणि हळूहळू केस जळाल्याचा वास यायला लागला. एका बाईंचा हात वेणीवर गेला. मग दुसरीचा. बघता बघता अख्खा मांडव आपापली वेणी चाचपत होता! एका आत्याबाईंनी उदबत्तीवाल्या भाच्याच्या पाठीत धपाटा घातला, त्या बिचाऱ्यानं काहीच केलं नसताना.

मी कीबोर्डवरूनच गुणवंताकडे डोळे वटारले. तो पॅड वाजवता वाजवताच म्हणाला, "असली कोसा आहे भाऊ! नकली असता तर असा वास आला असता का?"

*

यानंतर काकांमधला तपासनीस जागा झाला. त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्ह बारीक तारेनं जखडला, तारेला पीळ दिला आणि वर शिशाचं सील ठोकलं. ॲम्प आडवा करा, उलटा करा, काही हलेना. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच कार्यक्रमात एक व्हॉल्व्ह जळून गेला. नवा व्हॉल्व्ह काकांच्या खिशात, पक्कड माझ्या हातात.

"हात नको लावू! सील आहे ते."

"काका, सील तुम्हीच लावलं ना?"

"म्हणूनच! लावनारा आणि तोडनारा एकच मानूस चालत नाही."

"मग मी तोडतो."

"तुले अधिकार कोनं देला?"

त्या दिवशी गिटार अत्यंत सुरक्षित राहिलं. वाजलं मात्र नाही.

*

मग ठरलं, प्रवासात व्हॉल्व्ह काढूनच न्यायचे. ठेवायला काकांना अंड्यांचा ट्रे सापडला. व्हॉल्व्ह त्यात असे बसले, की कोंबडीलाही शंका येऊ नये.

हळदीचं घर शुद्ध शाकाहारी. दारातच नवरीची आजी.

"अंडे कायले आनले जी?"

"अंडे नाही आजी, व्हॉल्व्ह आहेत. काचेचे."

आजीनं चष्मा वर करून ट्रे नीट पाहिला. "मंग यातून निघते काय?"

"आवाज निघते."

"मंग तो आवाज बाहेरच निघू द्या. माह्या घरात नको!"

आम्ही गोठ्याशेजारी वाजवलं. श्रोते म्हणून म्हशी वाईट नाहीत, फर्माईश करत नाहीत.

*

शिल्पाचं लग्न मोहाडीतच होतं. आम्ही शेवटी शहाणे होऊन क्लिप मागवले होते. ते वाटेत होते.

दुपारी पाठवणीची वेळ झाली. काकांनी गिटार घेतलं, डोळे मिटले आणि शिल्पाच्या लहानपणीचं गाणं सुरू केलं. पहिलीच ओळ, ॲम्प खरखरला, आणि आवाज गेला. काका तसेच वाजवत राहिले. डोळे उघडायची त्यांची हिंमत नव्हती. मी कीबोर्ड सोडून डब्यामागे धावलो; एक व्हॉल्व्ह सुटला होता, पण तापलेला धरायचा कशानं?

इतक्यात स्वयंपाकघरातून काकू आल्या. अंगावर शालू, हातात लाटणं. मला वाटलं, कबाडीवाल्याची वाट न बघता डब्याचा निकाल आत्ताच लागणार!

काकू डब्यामागे खाली बसल्या. "कोनता?"

मी बोट दाखवलं. त्यांनी लाटण्याच्या टोकानं तो व्हॉल्व्ह खालून वर दाबला आणि दाबूनच धरला. आवाज आला.

"काकू, मी धरतो."

"तू वाजव."

गाडी दाराशी लागली. आईचा निरोप घ्यायला शिल्पा सगळ्या हॉलभर आईला शोधत होती. शेवटी आई डब्यामागे सापडली. शिल्पा रडत रडत पाया पडायला वाकली. काकूंच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण लाटणं जागचं हललं नाही.

"थांब माय," काकू म्हणाल्या, "तुह्या बाबाचं गानं सरू दे. मंग रडू."